अवधानाची साधना

रंगमंचावर उभ्या राहिलेल्या नटाचे मन नेमके कुठे असते, या प्रश्नाचा पाठपुरावा कॉन्स्तान्तिन स्तानिस्लावस्की यांनी आयुष्यभर केला. श्वास, शैथिल्य, एकाग्रता आणि इंद्रियांच्या आठवणी यांवर आधारलेले नटाचे शिक्षण त्यांनी घडविले. या शोधाला सुरुवात झाली ती त्यांच्या स्वतःच्या अभिनयातील रितेपणातून.

१९०६ चा उन्हाळा. मॉस्को आर्ट थिएटरचा पहिला परदेश दौरा नुकताच आटोपला होता. जर्मनीतील रसिकांनी आणि समीक्षकांनी रशियन नटांना डोक्यावर घेतले होते. या यशाचे धनी असलेले त्रेचाळीस वर्षांचे स्तानिस्लावस्की मात्र विश्रांतीसाठी फिनलंडला गेले, ते अत्यंत खिन्न मनाने. समुद्राकाठच्या एका खडकावर बसून ते आपल्या भूमिकांचा हिशेब मांडीत असत आणि दर वेळी एकाच निष्कर्षाशी येऊन थांबत. आपण रंगमंचावर बोलतो, चालतो, हसतो, पण आतून काहीच घडत नाही.

त्यांना सर्वाधिक छळत होती ती डॉ. स्टॉकमनची भूमिका. इब्सेनच्या 'अॅन एनिमी ऑफ द पीपल' या नाटकातील हा सत्यनिष्ठ डॉक्टर त्यांनी १९०० मध्ये प्रथम रंगविला. पुढील वर्षी पीटर्सबर्गमध्ये विद्यार्थ्यांच्या निदर्शनावर घोडदळ तुटून पडले, त्याच दिवशी या नाटकाचा प्रयोग होता. त्या रात्री प्रेक्षकांनी स्टॉकमनच्या संवादात आपल्या शहराचे दुःख ऐकले आणि भारावलेली माणसे थेट रंगमंचाकडे धावली. अवघ्या पाच वर्षांनंतर त्याच भूमिकेची तीच पुढे झुकलेली चाल आणि तीच बोटांची लकब स्तानिस्लावस्की बिनचूक वठवीत होते. टाळ्याही पूर्वीसारख्याच पडत होत्या. परंतु ज्या जिवंत आठवणींतून ती लकब उगवली होती त्या केव्हाच विझल्या होत्या.

लोकमान्यता शिखरावर असताना हा रितेपणा स्वतःशी कबूल करणे सोपे नव्हते. आधुनिक नटाच्या शिक्षणाचा इतिहास या कबुलीपासून सुरू होतो, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

कारखानदाराचा मुलगा

१७ जानेवारी १८६३ रोजी मॉस्कोतील एका धनाढ्य कुटुंबात कॉन्स्तान्तिन सेर्गेयेविच अलेक्सेयेव्ह यांचा जन्म झाला. सोन्याचांदीची जर काढणारा मोठा कारखाना या घराण्याच्या मालकीचा होता. आजी फ्रेंच नटी होती. वडिलांनी मुलांच्या हौसेखातर घरातच नाट्यगृह उभारून दिले. चौदाव्या वर्षी कॉन्स्तान्तिन तेथे पहिल्यांदा उभा राहिला आणि त्याच वर्षापासून त्याने आपल्या अभिनयातील चुका वहीत टिपून ठेवण्यास प्रारंभ केला. ही सवय अखेरपर्यंत सुटली नाही. प्रतिष्ठित व्यापारी घराण्याचे नाव नाटकाच्या जाहिरातीत झळकू नये म्हणून विशीत त्यांनी 'स्तानिस्लावस्की' हे टोपणनाव घेतले. पुढे जगाने त्यांना याच नावाने ओळखले.

१८८२ मध्ये इटालियन नट तोम्मासो साल्विनी यांचा ऑथेल्लो त्यांनी मॉस्कोत पाहिला. त्या अभिनयाइतकीच त्यांच्या मनावर ठसली ती साल्विनींची तयारी. प्रयोगाच्या तीन तास आधी हा नट नाट्यगृहात येई. थोडी रंगभूषा करी, रिकाम्या रंगमंचावर फेरी मारी, पुन्हा खोलीत जाऊन वेशाचा एखादा भाग चढवी. चेहऱ्याबरोबर मनही भूमिकेच्या रंगात बुडविण्याचा तो विधीच होता. नटाच्या आत काही घडायचे असेल, तर त्यासाठी आधी जागा करावी लागते, ही जाणीव बहुधा तेथेच रुजली.

१८९७ च्या उन्हाळ्यात मॉस्कोच्या 'स्लाव्यान्स्की बाजार' या उपाहारगृहात स्तानिस्लावस्की आणि नाटककार व्लादिमीर नेमिरोविच-दान्चेन्को यांची ऐतिहासिक भेट झाली. दुपारी दोनला सुरू झालेली चर्चा दुसऱ्या दिवशी सकाळी आठला संपली. या अठरा तासांतून मॉस्को आर्ट थिएटरचा आराखडा तयार झाला. ऑक्टोबर १८९८ मध्ये या रंगभूमीचा पडदा उघडला आणि त्याच डिसेंबरात चेकॉव्ह यांचे 'द सीगल' रंगमंचावर आले. दोन वर्षांपूर्वी पीटर्सबर्गमध्ये साफ कोसळलेल्या या नाटकाने मॉस्कोत इतिहास घडविला. पुढे उडत्या सीगल पक्ष्याचे चित्र हीच या संस्थेची मुद्रा झाली.

या काळातील स्तानिस्लावस्की मुख्यतः बाह्य तपशिलांचे किमयागार होते. रातकिड्यांची किरकिर, घड्याळाची टिकटिक, दूरवरून येणारा घंटानाद अशा आवाजांतून ते वातावरण उभे करीत. मात्र या वातावरणाच्या मधोमध उभ्या असलेल्या नटाच्या आत काय चालले आहे, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. १९०४ मध्ये चेकॉव्ह निवर्तले. १९०५ मध्ये मेयरहोल्ड यांच्या साथीने स्वतःच्या पैशांतून उभारलेला प्रायोगिक स्टुडिओ प्रेक्षकांसमोर येण्यापूर्वीच बंद पडला. दिग्दर्शकाच्या नव्या कल्पना पेलण्यासाठी नटाचीच तयारी नाही, हा त्या अपयशाचा धडा होता. अशा मनःस्थितीत फिनलंडचा तो उन्हाळा आला.

सैलावलेले शरीर, जागे मन

प्रतिभावंत नटाला स्फूर्ती येते तेव्हा तो सहज आणि सत्य वागतो. परंतु स्फूर्तीला हुकूम सोडता येत नाही. तेव्हा तिच्यासाठी अनुकूल अवस्था जाणीवपूर्वक निर्माण करता येईल काय, हा स्तानिस्लावस्कींपुढील प्रश्न होता. इतर मोठ्या नटांचे निरीक्षण करताना त्यांना एक गोष्ट समान आढळली. रंगमंचावर त्यांचे शरीर मोकळे असे आणि त्यांचे लक्ष प्रेक्षागृहातील काळोखाकडे न जाता रंगमंचावरील व्यक्तींवर व वस्तूंवर खिळलेले असे.

यातूनच एकेक पाठ आकारास आला. त्यांच्या ग्रंथातील नाट्यशिक्षक विद्यार्थ्याला जड पियानोचा कोपरा उचलून धरायला लावतो आणि त्याच स्थितीत ३७ ला ९ ने गुणायला सांगतो. नंतर ओळखीच्या रस्त्यावरील दुकाने ओळीने आठवायला लावतो. विद्यार्थ्याला काही केल्या जमत नाही. पियानो खाली ठेवला की सारे सुचू लागते. ताठरलेल्या स्नायूंमागे मन कोंडलेले असते, हे सांगण्यासाठी यापेक्षा सोपे प्रात्यक्षिक क्वचितच सापडेल. मग विद्यार्थी जमिनीवर उताणे पडून शरीराचा कोणता भाग अकारण आवळलेला आहे याचा शोध घेतात आणि तो सैल सोडतात. या धड्यात मांजराचे उदाहरण येते. निजलेले मांजर पूर्ण सैल असते आणि झेप घेताना हवी तेवढीच शक्ती वापरते.

दुसरा पाठ एकाग्रतेचा. संपूर्ण अंधार करून टेबलावरचा एकच लहानसा दिवा लावला जातो. प्रकाशात आलेल्या दोनचार वस्तूंपलीकडे नटासाठी जग उरत नाही. हे झाले अवधानाचे लहान वर्तुळ. हळूहळू प्रकाश वाढतो, वर्तुळ मोठे होते. शेवटी सगळे दिवे लागतात आणि नटाला ते वर्तुळ केवळ मनाने आखावे लागते, त्यासह चालावे-बोलावे लागते. वर्तुळ विस्कटले, तर चटकन एखाद्या लहान वस्तूकडे परतायचे आणि पुन्हा सुरुवात करायची.

तिसरा पाठ इंद्रियांचा. डोळे मिटून आसपासचे आवाज ऐकणे, एखादी वस्तू क्षणभर पाहून तिचे बारकावे सांगणे, हातात काहीही नसताना नोटा मोजणे. शेवटच्या व्यायामात नोटांच्या गड्डीचा दोरा सुटायला हवा, कागदाची जाडी बोटांना जाणवायला हवी. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांच्या लेखनातून त्यांना भावनांच्याही स्मृती असतात हा विचार मिळाला. एखादा वास किंवा स्पर्श जागा झाला की त्याच्या पाठोपाठ विसरलेली भावनाही परत येऊ शकते, हे त्यांनी नटाच्या कामी लावले.

योगाचा वळसा

१९११ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या किनाऱ्यावर मुक्कामी असताना घरच्या शिकवणीसाठी आलेल्या निकोलाय देमिदॉव्ह यांनी त्यांचे लक्ष हठयोगाकडे वेधले. आपण जे चाचपडत शोधतो आहोत त्याचा भारतात फार पूर्वीच विचार झाला आहे, हे समजल्यावर स्तानिस्लावस्कींनी योगावरील पुस्तके मिळविली. गंमत अशी, की त्या पुस्तकांचे लेखक 'योगी रामचरक' हे कोणी भारतीय साधू नव्हते. वकिली सोडून लेखनाकडे वळलेले अमेरिकन गृहस्थ विल्यम वॉकर अॅटकिन्सन यांचे ते टोपणनाव होते. त्यांची पुस्तके रशियन भाषेत उपलब्ध झाली होती. अशा रीतीने भारतातला योग अमेरिकेचा वळसा घेऊन मॉस्कोच्या तालमीत पोहोचला.

हा वळसा लक्षात घेतला, तरी भारतीय वाचकाला ओळखीच्या खुणा पटतील. शरीराचे शैथिल्य, लयबद्ध श्वसन, बाहेर धावणाऱ्या इंद्रियांना आवरून एका बिंदूवर आणणे, या गोष्टींना आपल्याकडे प्रत्याहार आणि धारणा अशी नावे आहेत. एकाग्रतेच्या धड्यात स्तानिस्लावस्कींनी एक हिंदू कथाही घातली आहे. मंत्री निवडण्यासाठी एक महाराजा उमेदवारांना दुधाने काठोकाठ भरलेले पात्र घेऊन नगराच्या तटावरून चालायला सांगतो. भोवतीच्या गलक्याने एकेकाचा तोल जातो. ज्याचा एक थेंबही सांडत नाही तो निवडला जातो. जनकाच्या दरबारात दुधाचा पेला घेऊन फिरणाऱ्या शुकाची कथा ज्यांनी लहानपणी ऐकली आहे, त्यांना हे पात्र कोठून आले असावे हे सांगावे लागणार नाही.

पहिला स्टुडिओ

सिद्धान्त मिळाले, पण ते तपासायचे कुठे? १९०९ मध्ये तुर्गेनेव्ह यांच्या 'अ मंथ इन द कंट्री' या नाटकाच्या तालमींत त्यांनी नटांचे हातवारे आणि हालचाली जवळजवळ काढून टाकल्या. नुसते बाकावर बसून नजरेने आणि अंतःकरणाने एकमेकांशी बोलायचे, असा दंडक घातला. नायिकेची भूमिका करणाऱ्या ओल्गा क्निपर यांना तालमीत रडू कोसळले. प्रयोग यशस्वी झाला. तथापि, तालमीची प्रयोगशाळा झाली आहे आणि आम्ही काही प्रयोगाचे प्राणी नाही, अशी कुरबुर ज्येष्ठ नटांत सुरूच राहिली. कीर्ती मिळविलेल्या नटांना डोळे मिटून आवाज ऐकण्याचे धडे गिरवावेसे वाटेनात, यात नवल नव्हते.

तेव्हा १९१२ मध्ये त्यांनी तरुणांना हाताशी धरून 'पहिला स्टुडिओ' स्थापन केला. एका चित्रपटगृहाच्या वरची जागा त्यासाठी घेतली. या स्टुडिओचा आत्मा होते लेओपोल्ड सुलेर्झित्स्की. टॉलस्टॉय यांचे अनुयायी असलेल्या या गृहस्थाने लष्करी सेवा नाकारल्याबद्दल कैद भोगली होती. १८९८-९९ मध्ये छळाला कंटाळलेल्या दुखोबोर पंथाच्या हजारो शांततावादी शेतकऱ्यांना जहाजाने कॅनडात पोहोचविण्याच्या कामी त्यांनी पुढाकार घेतला होता. त्यांना रंगभूमीवर नोकरी देण्यास व्यवस्थापन तयार नव्हते, तेव्हा स्तानिस्लावस्कींनी त्यांचे वेतन स्वतःच्या खिशातून दिले.

स्टुडिओतील तरुण वर्तुळाकार बसत, श्वास संथ करीत, स्वतःभोवती अदृश्य वर्तुळ आखून त्यात स्थिर होत आणि मग एकमेकांकडे 'प्राण' पाठविण्याचा सराव करीत. शब्दाविना समोरच्याला काही पोहोचते का, हे पाहात. उन्हाळ्यात सुलेर्झित्स्की त्यांना काळ्या समुद्राकाठी येवपातोरियाला नेत. तेथे सर्वांनी आपल्या हातांनी झोपड्या बांधायच्या, स्वयंपाक करायचा, दगड फोडायचे. चांगला नट होण्यापूर्वी एकत्र राहायला शिकले पाहिजे, ही त्यामागची धारणा. येवगेनी वाख्तांगॉव्ह, मिखाईल चेकॉव्ह, रिचर्ड बोलेस्लावस्की, मारिया उस्पेन्स्काया ही पुढे गाजलेली मंडळी याच खोलीतून बाहेर पडली.

याच खोलीत मतभेदाचे बीजही पडले. नाटककार चेकॉव्ह यांचा पुतण्या असलेल्या मिखाईलने भावनास्मृतीच्या व्यायामात वडिलांच्या अंत्यविधीचा प्रसंग साकारला आणि स्तानिस्लावस्की हेलावून गेले. नंतर कळले, की वडील हयात आहेत. ही आठवण रंगभूमीच्या वर्तुळात आजही सांगितली जाते. भावना जागविण्यासाठी स्वतःची जुनी जखम उघडावी, की कल्पनाशक्तीवर भिस्त ठेवावी? गुरू-शिष्यांत पडलेला हा प्रश्न पुढे साऱ्या जगाच्या नाट्यशाळांत पोहोचला.

स्वतःच नापास

डिसेंबर १९१६ मध्ये सुलेर्झित्स्की गेले. पाठोपाठ स्तानिस्लावस्कींच्या आयुष्यातील सर्वांत कठोर प्रसंग ओढवला. दोस्तोएवस्की यांच्या कादंबरीवरील 'द व्हिलेज ऑफ स्तेपान्चिकोव्हो' या नाटकात ते कर्नल रोस्तानेव्हची भूमिका करणार होते. तरुणपणी, १८९१ मध्ये, हीच भूमिका त्यांनी अत्यंत आनंदाने रंगविली होती. आपल्या स्वभावाशी ती एकरूप आहे, असे त्यांना वाटे. आता मात्र दीर्घ तालमी होऊनही ती उभी राहीना. मार्च १९१७ मध्ये रंगीत तालमीच्या टप्प्यावर नेमिरोविच-दान्चेन्को यांनी भूमिका त्यांच्याकडून काढून दुसऱ्या नटाकडे सोपविली.

अभिनयाची पद्धती जगाला देणारा हा नट त्याच पद्धतीने काम करताना आपल्याच रंगभूमीत नापास ठरला होता. त्यांनी वाद घातला नाही, संस्था सोडली नाही. मात्र त्यानंतर उरलेल्या आयुष्यात नव्या भूमिका त्यांनी जवळजवळ स्वीकारल्याच नाहीत. जुन्या भूमिका करीत राहिले आणि शिकवीत राहिले.

त्याच वर्षी क्रांती झाली. कारखाना गेला, संपत्ती गेली. राहते घरही सोडावे लागले. सरकारने लेओन्त्येवस्की गल्लीत दिलेल्या घरात त्यांनी तालमी सुरू केल्या. १९२३ च्या जानेवारीत आर्ट थिएटरचा संच न्यूयॉर्कला उतरला आणि अमेरिकन नट थक्क झाले. बोलेस्लावस्की आणि उस्पेन्स्काया तेथेच राहून शिकवू लागले. त्यांच्या वर्गात बसलेल्या ली स्ट्रासबर्ग यांनी पुढे भावनास्मृती हाच मुख्य आधार मानून 'मेथड' घडविली.

स्वतः स्तानिस्लावस्की तोवर पुढे सरकले होते. १९३४ मध्ये अमेरिकन अभिनेत्री स्टेला अॅडलर पॅरिसमध्ये त्यांना भेटल्या. या पद्धतीने आपला अभिनयातला आनंदच हिरावला, ही त्यांची तक्रार होती. अवघ्या सत्तरीच्या पुढे गेलेल्या आजारी स्तानिस्लावस्कींनी काही आठवडे रोज त्यांच्यासोबत काम केले. भावनेचा थेट पाठलाग करण्यापेक्षा नाटकातील परिस्थिती, कल्पना आणि कृती यांच्याकडे लक्ष द्यावे, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. अॅडलर यांनी परतल्यावर ते सहकाऱ्यांना सांगितले आणि अमेरिकेत दोन संप्रदाय पडले.

पुसलेले शब्द

२९ ऑक्टोबर १९२८ रोजी संस्थेच्या तिसाव्या वर्धापनदिनी 'थ्री सिस्टर्स'च्या पहिल्या अंकात वर्शिनीनची भूमिका करीत असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. प्रवेश पुरा करूनच ते आत आले आणि कोसळले. नट म्हणून त्यांचे रंगमंचावरील आयुष्य तेथे संपले.

उरलेल्या दहा वर्षांत त्यांनी ग्रंथ लिहिला. स्टालिनच्या राजवटीत 'आत्मा', 'प्राण', 'योग' हे शब्द संशयास्पद ठरू लागले होते. त्यांच्या जुन्या स्नेही व संपादक ल्युबोव्ह गुरेविच यांनी त्यांना वेळीच सावध केले. हस्तलिखितातील 'प्राणा'च्या जागी 'ऊर्जा' आली, योगाचे उल्लेख आटले. व्यायाम राहिले, त्यांचे मूळ झाकले गेले. हीच पद्धती पुढे सोव्हिएत रंगभूमीवर अधिकृत मत म्हणून लादली गेली. ज्याने आयुष्यभर आपलेच निष्कर्ष मोडले, त्याच्या नावाने अपरिवर्तनीय नियमावली तयार झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकांनी हस्तलिखिते पुन्हा वाचली, तेव्हा योगाचा हा धागा नव्याने उजेडात आला.

बाहेर दहशत वाढत असताना घरातील तालमी चालूच होत्या. मोलियेरच्या 'तार्त्युफ'वर निवडक नटांसह त्यांनी अखेरचे काम केले. प्रयोग लावण्याची घाई नव्हती. साध्या शारीरिक कृतीतून भावनेपर्यंत पोहोचण्याचा नवा मार्ग ते तपासून पाहात होते. जानेवारी १९३८ मध्ये सरकारने मेयरहोल्ड यांचे नाट्यगृह बंद केले. तेव्हा विचारांनी दुसऱ्या टोकाला गेलेल्या या जुन्या शिष्याला स्तानिस्लावस्कींनी आपल्या ऑपेरा रंगभूमीत सामावून घेतले. भल्याभल्यांनी पाठ फिरविली असताना उचललेले हे पाऊल होते. ७ ऑगस्ट १९३८ रोजी स्तानिस्लावस्कींचे निधन झाले आणि मेयरहोल्ड यांचा आधार तुटला. पुढील वर्षी त्यांना अटक झाली, १९४० च्या फेब्रुवारीत गोळी घालण्यात आली.

नटाच्या आत्मसाधनेवरील त्यांचा रशियन ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांनी प्रसिद्ध झाला. इंग्रजी आवृत्ती दोन वर्षांपूर्वीच आली होती. तिचा मराठी अनुवाद के. नारायण काळे यांनी 'अभिनय साधना' या नावाने केला. 'साधना' हा शब्द निवडताना काळे यांनी, कळत-नकळत, मॉस्कोत पुसले गेलेले काहीतरी परत आणले.

आज मुंबई-पुण्यात नाट्यशिबिराच्या पहिल्या सकाळी मुले डोळे मिटून बसतात, स्वतःचा श्वास ऐकतात, रस्त्यावरील हॉर्न आणि डोक्यावरचा पंखा यांचे आवाज वेगळे करू पाहतात. अनेकांना हे सारे नाटकापूर्वीचे किरकोळ सोपस्कार वाटतात. टाळ्यांच्या कडकडाटात आपण आतून रिते झालो आहोत हे ओळखणाऱ्या एका नटाने मात्र तेथूनच पुन्हा पहिलीत नाव घातले होते आणि पंचाहत्तराव्या वर्षापर्यंत ते काढले नव्हते.